जागची न हलणारी गाडी: संशोधनासाठीच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरचे परीक्षण

चालक रस्त्यावर कसा वागतो याचा अभ्यास करणाऱ्यांची अडचण अशी की, ज्या क्षणांविषयी त्यांना जाणून घ्यायचे असते, नेमके तेच क्षण रस्त्यावर मुद्दाम घडवून आणता येत नाहीत. उभ्या ट्रकच्या आडून मूल धावत यावे, पुढच्या गाडीने काही कारण नसताना करकचून ब्रेक दाबावा, आणि हे सगळे पन्नास वेगवेगळ्या माणसांपुढे त्याच ठिकाणी, त्याच उजेडात, तितक्याच अंतरावर घडावे, ही अपेक्षा खरा रस्ता कधीच पुरी करत नाही. आणि मूल खरे असेल तर ती कोणी करूही नये. सिम्युलेटरची, म्हणजे पडद्यावर रस्ता दाखवून गाडी चालवल्याचा अनुभव देणाऱ्या यंत्राची, गरज येथून सुरू होते. आमच्या गटाने स्थिर पायाचा, म्हणजे ज्यात गाडी जागची हलत नाही असा, एक सिम्युलेटर दोन वर्षे रस्तासुरक्षेच्या प्रयोगांसाठी वापरला. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगितल्या आहेत त्यांतील बहुतेक या वर्गातील इतर यंत्रांतही कमीअधिक प्रमाणात आढळतात. असे यंत्र घेऊ पाहणाऱ्याने काय तपासावे, हा या लेखनाचा हेतू आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो: यंत्र उपयुक्त आहे, परंतु विक्रेता ज्या गोष्टीची सर्वाधिक स्तुती करतो ती त्यातील सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे.

ती गोष्ट म्हणजे चित्र. एका खऱ्या मोटारीचा पुढचा अर्धा भाग कापून बसवलेला, समोर तीन मोठे पडदे, प्रत्येक पडदा सुमारे ४५ अंशांचा, म्हणजे एकूण १३५ अंशांचे दृष्टिक्षेत्र, आणि आरशांच्या जागी छोटे पडदे, अशी ही मांडणी आहे. पहिल्यांदा आत बसणारा प्रत्येक पाहुणा पावसाचे थेंब आणि डांबरावरची चमक पाहून खूश होतो. दृष्टिक्षेत्राची रुंदी खरोखरच महत्त्वाची आहे, कारण वेगाची जाणीव आपल्याला मुख्यतः डोळ्यांच्या कडेने सरकणाऱ्या दृश्यातून होते. एकाच पडद्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला आपण हळू चाललो आहोत असे वाटते आणि तो नकळत वेग वाढवतो. तीन पडद्यांनी हा दोष बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. आमच्याकडे वेगमापक झाकून ठराविक वेग धरायला सांगितले तेव्हा बहुतेक सहभागी अपेक्षेपेक्षा जोरात गेले.

चमकदार चित्राचा खरा कमकुवतपणा मात्र पाटी वाचताना कळतो. ४५ अंशांच्या पडद्यावर आडवे १९२० बिंदू असतील तर एका अंशाला जेमतेम ४३ बिंदू येतात, म्हणजे एक बिंदू सुमारे १.४ कलेचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) होतो. निरोगी डोळा मात्र एका कलेइतका तपशील ओळखतो. याचा अर्थ असा की, ज्या अंतरावरून खऱ्या रस्त्यावरची दिशादर्शक पाटी सहज वाचता येते, त्या अंतरावर सिम्युलेटरमधील पाटी हा नुसता धूसर चौकोन असतो. पाट्यांच्या रचनेवर प्रयोग करायचा असेल तर अक्षरे कृत्रिमरीत्या मोठी करावी लागतात, आणि एकदा ती मोठी केली की वाचनाच्या अंतराविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. माहितीपत्रकात बिंदूंची संख्या अभिमानाने दिलेली असते. ती एका अंशात किती, हे मात्र खरेदीदाराने स्वतः भागाकार करून पाहावे.

आता ब्रेकविषयी, कारण माझी मुख्य तक्रार तेथेच आहे. खऱ्या मोटारीत पॅडल जसजसे खाली जाते तसतसा पायाला मिळणारा प्रतिकार वाढत जातो आणि त्याच वेळी शरीर पुढे झुकते. पाय किती दाबायचा हे आपण या दोन्हींच्या मेळातून ठरवतो. स्थिर पायाच्या यंत्रात दुसरी गोष्ट नसतेच, त्यामुळे पहिली निर्दोष असणे आवश्यक ठरते. आमच्या यंत्रातील पॅडल एका साध्या स्प्रिंगवर होते. परिणामी सुरुवातीची काही मिनिटे जवळजवळ प्रत्येकजण सिग्नलच्या बरेच आधी थांबत असे, किंवा रेषा ओलांडून चौकातच उभा राहत असे, आणि वीस वर्षे गाडी चालवणारी माणसे शिकाऊ असल्यासारखी ओशाळून आमच्याकडे पाहत. विक्रेत्याकडे तक्रार केल्यावर त्यांनी संगणकातील एक गुणांक बदलून दिला. त्याने पॅडल आणि मंदनाचे गणित सुधारले, पण पायाला होणारी जाणीव तशीच राहिली. दुसऱ्या वर्षी आम्ही पॅडलखाली प्रतिकार वाढवणारी स्वतःची जोडणी बसवली तेव्हा कोठे थांबण्याची अंतरे माणसासारखी दिसू लागली.

येथे कोणी म्हणेल की हलणारा सिम्युलेटर घ्यायचा होता. हलणाऱ्या यंत्रांची परंपरा मोठी आहे. डायम्लर-बेन्झने १९८५ मध्ये बर्लिन येथे सहा पायांवर डुलणाऱ्या घुमटाचा सिम्युलेटर सुरू केला; चालकासह मोटार या घुमटाच्या आत असते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात असलेल्या राष्ट्रीय सिम्युलेटरचा २४ फूट व्यासाचा घुमट ६४ फूट लांब आणि तितक्याच रुंद क्षेत्रात सरकतो. टोयोटाने २००७ मध्ये जपानमधील हिगाशीफुजी येथील केंद्रात जो उभारला, त्याचा घुमट ३५ मीटर बाय २० मीटरच्या आवारात धावतो. ही आकडेवारी पाहिली की या कामाची अडचणही कळते. सलग चाललेला वेगबदल खोलीत दाखवायला जागा कधीच पुरत नाही, म्हणून घुमट थोडा सरकवून मग हळूच कलता करतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओढीलाच ब्रेकची ओढ म्हणून खपवतात. ही युक्ती सुंदर आहे, पण तिला मर्यादा आहेत. कल आतल्या माणसाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो सेकंदाला साधारण ३ अंशांच्या आत ठेवावा लागतो, आणि १० अंश कल दिला तरी गुरुत्वाच्या सुमारे १७ टक्केच ओढ मिळते, तर कोरड्या रस्त्यावरच्या आणीबाणीच्या ब्रेकची ओढ ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे अवाढव्य यंत्रातही हालचाल आखडती घेऊनच दाखवली जाते. वळणावरचा ताबा, निसरडा रस्ता, गाडीचा तोल या प्रश्नांसाठी हलणारा पाया हवाच. लक्ष विचलित होणे, धोका वेळेत दिसणे, वेगाची निवड या प्रश्नांसाठी स्थिर पाया आणि चांगले पॅडल यांवर काम भागते, असा आमचा अनुभव आहे.

हे यंत्र जमा बाजूला येते ते त्याच्या नोंदवहीमुळे. सेकंदाला ६० वेळा वेग, स्टीअरिंगचा कोन, तिन्ही पॅडलांची स्थिती, पुढच्या गाडीपासूनचे अंतर आणि मार्गिकेच्या मध्यापासून गाडी किती डावी-उजवीकडे आहे, हे सगळे ओळीने लिहिले जाते. यातील शेवटच्या नोंदीतून मार्गिकेतील स्थानाचे प्रमाण विचलन काढतात, म्हणजे सोप्या शब्दांत सांगायचे तर गाडी किती डुलत चालली आहे याचे माप. औषधे, मद्य आणि झोपेची कमतरता यांच्या अभ्यासात हे माप अनेक वर्षे मानाचे स्थान धरून आहे. नेदरलँड्समध्ये खऱ्या महामार्गावर घेतलेल्या चाचण्यांतून रक्तातील ०.०५ टक्के मद्यांशाला हे विचलन सरासरी २.४ सेंटीमीटरने वाढते असा मापदंड मिळाला, आणि त्याच्याशी ताडून एखाद्या औषधाचा परिणाम किती गंभीर हे ठरवले जाते. दोन-अडीच सेंटीमीटरचा हा फरक बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसणे अशक्य आहे. सिम्युलेटर मात्र तो सहज पकडतो, कारण येथे गाडीची जागा मोजावी लागत नाही, ती यंत्राला मुळात ठाऊकच असते.

तरीही नोंदीच्या बाबतीत एक गंभीर त्रुटी राहिली आणि ती आम्हाला चार महिन्यांनी कळली. नजर कोठे आहे हे टिपणारा कॅमेरा यंत्रासोबतच घेतला होता, पण त्याचे घड्याळ वेगळे आणि सिम्युलेटरचे वेगळे. फेरीच्या सुरुवातीला दोन्ही जुळवलेली असत. पाऊण तासाच्या फेरीअखेर त्यांच्यात पाव सेकंदाची तफावत पडलेली असे. पाव सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात ५ मीटर पुढे जाते, आणि चालकाने पादचाऱ्याकडे पाहिल्यावर ब्रेक दाबला की आधी, हाच तर आमचा प्रश्न होता. ज्या फेऱ्यांमध्ये नजर ब्रेकनंतर वळलेली दिसली, त्या आम्ही सुरुवातीला चालकाच्या कडेच्या दृष्टीचा चमत्कार समजत होतो. नंतर कळले की चमत्कार घड्याळाचा आहे. दोन्ही यंत्रांना एकच वेळखूण देणारी तार जोडल्यावर दोष गेला, मात्र आधीच्या फेऱ्यांतील नजरेची माहिती बाजूला ठेवावी लागली. यंत्र ताब्यात घेताना विक्रेत्याकडून हे जुळणे प्रत्यक्ष करून घ्यावे, कागदावर नव्हे.

प्रसंग रचण्याचे सॉफ्टवेअर शिकायला सोपे आहे. रस्त्याचे तुकडे खेळण्यातल्या रुळांसारखे जोडत जायचे, गाड्या सोडायच्या, आणि चालक अमुक अंतरावर आला की तमुक घडावे असे कळीचे बिंदू पेरायचे. प्रसंग अंतराऐवजी वेळेवर बांधता येतो हे विशेष आवडले: चालक जोरात येवो वा हळू, पादचारी त्याच्यापुढे बरोबर अडीच सेकंद आधी पाऊल टाकतो, त्यामुळे सगळ्यांना सारखीच संधी मिळते. यातील कृत्रिम वाहतूक मात्र अतिशय सज्जन आहे. प्रत्येक गाडी मार्गिकेच्या मधोमध चालते, कोणी घुसत नाही, दुचाकी तर चौकटीत बसवलेल्या मोटारीसारखी वागते. मार्गिका न जुमानणाऱ्या मिश्र वाहतुकीचा अभ्यास करायचा असेल तर प्रत्येक वाहनाचे वर्तन हाताने लिहावे लागते, आणि त्या कामाला आमच्या एका सहकाऱ्याचा संपूर्ण उन्हाळा गेला.

मराठीत 'गाडी लागणे' म्हणतात, आणि जी गाडी जागची हलत नाही तीही लागते, हे या यंत्राने शिकवले. डोळे सांगतात की आपण वळत आहोत, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय सांगते की आपण बसून आहोत. या भांडणात पोटाची बाजू कोणी घेत नाही. त्रास मोजण्यासाठी अमेरिकी नौदलाच्या विमान-सिम्युलेटरांवरील माहितीतून रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तयार केलेली १६ लक्षणांची प्रश्नावली सर्वत्र वापरतात; मळमळ, डोळ्यांचा ताण, घेरी अशा प्रत्येक लक्षणाला शून्य ते तीन गुण द्यायचे. आम्ही ती फेरीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा भरून घेतो, कारण काही माणसे आधीच थकून आलेली असतात. सर्वाधिक त्रास काटकोनातील वळणांवर आणि वारंवार थांबण्यात होतो. खोली थंड ठेवणे, चेहऱ्यावर वारा येईल असा पंखा लावणे, पहिली पाच-दहा मिनिटे सरळ रस्त्यावर सराव देणे आणि वळणे शेवटी ठेवणे, यांनी बराच फरक पडला. वयस्कर चालकांना त्रास जास्त होतो आणि त्यातील काही प्रयोग अर्धवट सोडतात. याचा अर्थ जे शेवटपर्यंत टिकतात ते त्या वयोगटाचे प्रातिनिधिक असतीलच असे नाही. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात या प्रकाराचा उल्लेख एका ओळीत, तोही शेवटच्या पानावर होता.

सर्वांत मोठा आक्षेप अर्थातच असा की, येथे कोणी मरत नाही हे चालकाला ठाऊक असते, मग त्याचे वागणे खरे कसे मानायचे? या प्रश्नाचे सर्वांत उपयोगी उत्तर डच संशोधक ब्लाव यांनी १९८२ मध्ये दिले. त्यांनी सिम्युलेटर आणि उपकरणे बसवलेली खरी मोटार यांची तुलना करताना दोन प्रकारची विश्वासार्हता वेगळी केली: आकडे जसेच्या तसे जुळणे ही एक, आणि आकडे वेगळे असले तरी फरकाची दिशा तीच असणे ही दुसरी. आमच्या यंत्रात पहिली क्वचित मिळाली, दुसरी जवळजवळ नेहमी. अरुंद रस्त्यावर लोक खऱ्या वेगापेक्षा जोरात गेले, पण रुंद रस्त्यापेक्षा हळूच गेले. म्हणून 'या वळणावर लोक ताशी किती वेगाने जातील' असे या यंत्राला विचारू नये. 'खुणा रंगवल्यास वेग कमी होईल का' असे विचारावे.

तुलनेचा प्रश्न नीट मांडला की हे साधन काय करू शकते, याची उदाहरणे कमी नाहीत. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच ४० माणसांनी एका गाडीमागून चार अवस्थांत गाडी चालवली: फोन वा मद्य काहीही नसताना, हातातील फोनवर बोलताना, हात मोकळे ठेवून फोनवर बोलताना आणि ०.०८ टक्के मद्यांश असताना. मद्य घेतलेले चालक पुढच्या गाडीला चिकटून चालले आणि जोराने ब्रेक दाबत राहिले. फोनवरचे चालक मुळात उशिरा ब्रेक दाबू लागले. आणि फोन हातात असणे वा नसणे यांत फरक आढळला नाही. हा शेवटचा निष्कर्ष खऱ्या रस्त्यावर इतक्या स्वच्छपणे मिळवणे दुरापास्त होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डोनल्ड फिशर यांच्या गटाने नवशिक्या चालकांपुढे पादचारी पट्ट्याआधी उभा ट्रक ठेवून ते ट्रकच्या आडच्या जागेकडे पाहतात का, हे नजर टिपून तपासले. नवशिके अनुभवी चालकांपेक्षा कितीतरी कमी वेळा पाहतात, आणि थोड्या प्रशिक्षणाने ते सुधारते. या प्रसंगात पादचारी प्रत्यक्षात आणावाही लागत नाही, नजर पुरते. तो आम्ही आमच्या यंत्रावर रचून पाहिला आणि एका दुपारात उभा राहिला. नॉर्वेतील २४.५ किलोमीटर लांबीचा लेअरडाल बोगदा २००० मध्ये खुला होण्यापूर्वी चालकाला कंटाळा आणि गुंगी कशी टाळता येईल हे सिम्युलेटरवर पाहिले गेले, आणि निळ्या प्रकाशाच्या तीन रुंद गुहा त्या मार्गात ठेवण्यात आल्या. बोगदा खणून झाल्यावर गुहा सुचली असती तर काय उपयोग होता?

मात्र या यंत्रावर प्रयोग करणाऱ्याने एक बंधन पाळावे. पहिले मूल धावत आले की दुसऱ्या उभ्या ट्रकपाशी चालक आधीच पाय ब्रेकवर आणून ठेवतो. अनपेक्षित प्रसंग प्रत्येक सहभागीला खऱ्या अर्थाने एकदाच दाखवता येतो. त्यानंतरचे सगळे अपेक्षित असते. एका फेरीत सहा-सहा अपघातप्रसंग कोंबून सरासरी काढलेले अहवाल मी वाचतो तेव्हा त्यांतील दुसऱ्या प्रसंगापासून पुढचे आकडे मनातल्या मनात वगळतो. विक्रेत्याने नमुन्यादाखल दिलेली फेरी नेमकी अशीच, दर अर्ध्या मिनिटाला संकट येणारी होती. प्रात्यक्षिकाला ती छान, संशोधनाला निरुपयोगी. आम्ही वीस मिनिटांचा कंटाळवाणा रस्ता आणि त्यात एकच घटना असे स्वरूप ठरवले, आणि उरलेल्या ट्रकांमागे काहीच ठेवले नाही.

देखभाल फारशी लागली नाही. मधल्या प्रोजेक्टरचा दिवा एकदा बदलला. त्यानंतर मधला पडदा बाजूच्या दोन्हींपेक्षा उजळ झाला आणि तिन्हींचे रंग पुन्हा जुळवायला दिवस गेला. मदतकेंद्राचे लोक सौजन्याने बोलतात, परंतु त्यांना यंत्र चालू ठेवण्याची काळजी असते, मोजमाप बरोबर असण्याची नसते. ब्रेक दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत किती विलंब होतो, असे विचारले तेव्हा उत्तर 'जाणवणार नाही इतका' असे आले. शेवटी आम्ही पॅडलला एक छोटा दिवा जोडला, तो आणि पडदा एकाच वेळी वेगवान कॅमेऱ्याने टिपला, आणि चौकटी मोजून विलंब काढला. दिवा, तार आणि उसना कॅमेरा एवढ्यावर झालेली ही चाचणी कोणालाही करता येईल, आणि ती यंत्राचे पैसे चुकते करण्यापूर्वी करावी.

येत्या वर्षी यंत्राची सुधारित आवृत्ती घेण्याचा प्रस्ताव समोर आहे. विक्रेत्याने पाच पडदे, अधिक बिंदू आणि रात्रीच्या दिव्यांचे नवे परिणाम देऊ केले आहेत. आमच्या मागणीपत्रात दोनच गोष्टी आहेत: द्रवदाबावर चालणारे खरे ब्रेक पॅडल, आणि सर्व उपकरणांना मिळून एकच घड्याळ.